दोनशे चौदा काडेपेट्या

जंत हा माणसाचा सर्वांत निष्ठावान सोबती आहे. बटाटे संपले की कुत्रा शेजाऱ्याकडे जातो. जंत मात्र दुष्काळातही घर सोडत नाही. (आमच्या कुत्र्याला ही तुलना मान्य नाही.)

त्याचा प्रादुर्भाव कुठे किती, हे ठरवायला शास्त्र लागतं. समुद्रकाठचे लोक सांगतात, जंत जंगलात आहेत. जंगलातले सांगतात, डोंगरात. आणि डोंगरात आम्हा हानानपाताकरांना, म्हणजे वरच्या गावाला, विचाराल तर ते खालच्या उरिनपातात आहेत. ओढा दोघांचा एकच. कार्निव्हलला आम्ही गोफणीने एकमेकांची डोकी फोडतो, तीही शेजारधर्म म्हणून.

अशा सुसंस्कृत भागात सरकारची पाहणी आली. नर्सबाई नेलिदांनी माणशी एक रिकामी काडेपेटी वाटली. "उद्या सकाळी नमुना. प्रत्येकाने स्वतःचा!"

लगेच गावसभा भरली.

"उरिनपाताच्या देखत आपले जंत मोजून घ्यायचे?" गावप्रमुख तायता कासिमिरो गरजले. "त्यापेक्षा गोफण खाल्लेली बरी!"

उपाय गावातच होता. दोन्या एउदोसिया, वय शहात्तर, रोज पहाटे पाइको या जंतनाशक पाल्याचा कडू काढा पिणारी. तिचं पोट आमच्या चर्चपेक्षा स्वच्छ. (चर्चमध्ये वटवाघळं आहेत.) आणि आमच्यात आयनीची रीत आहे: एकाच्या छपराला सगळ्या गावाचे हात, आज तुझ्या, उद्या माझ्या.

"कोमाद्रे, आयनी हवी होती," कासिमिरो दोन्यापुढे टोपी काढून म्हणाले.

"छपराला बोलावता तेव्हा मी मक्याची दारू, मडकंभर चिचा आणते. आता काय आणू?"

"मडकंभरच. पण चिचा नको."

दोन्या तीन दिवस बटाटे खात राहिली. नर्सबाईंना कळवलं, की गावाला बद्धकोष्ठ आहे. चौथ्या दिवशी दोनशे चौदा काडेपेट्या रवाना झाल्या. सहकार म्हणतात तो हाच.

निकाल: उरिनपाता शेकडा एक्क्याऐंशी, हानानपाता शून्य. आम्ही फटाके उडवले. दोन महिन्यांनी नळाचे पाइप आले आणि उरिनपातात उतरले. नियम असा, की निम्म्याहून अधिक पोटं बिघडलेल्या गावालाच शुद्ध पाणी. आरोग्य सिद्ध केलेल्यांना ओढा पुरतो.

ओढ्यापासून दोन्याच्या दारापर्यंत तीनशे चाळीस पायऱ्या. दोन डबे घेऊन ती चढत आली आणि कासिमिरोंपुढे थांबली.

"तायता, तुमची अब्रू मी पोटातून काढून दिली. आता माझ्या गुडघ्यांसाठी नळ आणा. आयनी म्हणजे आयनी."

पुन्हा सभा. फेरपाहणीचा अर्ज गेला. आता जंत हवे होते. तायता फुलहेन्सिओ जन्मभर ओढ्याचं गढूळ पाणी पीत आलेले. गावाने कधी न विचारलेला माणूस एकाएकी पुढच्या बाकावर बसला.

"इतकी वर्षं मी उगाच लाजत होतो," ते सद्गदित होऊन म्हणाले.

दुसरी पाहणी: शेकडा शंभर! फक्त प्रत्येक पेटीत जंतांची अंडी तितकीच आणि किन्वाच्या दाण्याचं तेच लाल टरफल. राजधानीतल्या आकडेतज्ज्ञांनी कुणावरही आरोप केला नाही. शास्त्र आरोप करत नाही. त्यांनी एवढंच लिहिलं: 'नमुन्यांतील तफावत शून्य. सबब, सदर गावात एकच मनुष्य राहतो.'

शंभर माणसांमागे एक नळ, या हिशेबाने आम्हाला नळाचा शंभरावा भाग मंजूर झाला. तो शिक्क्यानिशी पोचलाही: एक रबरी वायसर. पाकिटावर पत्ता होता, 'हानानपाताचा रहिवासी यांस'.

पाकीट कुणी घ्यायचं, यावर सभा तासभर चालली. शेवटी अध्यक्ष या नात्याने कासिमिरोंनी सही केली.

दोन्याने तो वायसर निरखून पाहिला, डब्याच्या कडीत अडकवला आणि दोन्ही डबे कासिमिरोंच्या हातात दिले.

"गावात एकच माणूस आहे ना, तायता? सही तुमचीच आहे. मग पाणी त्यानेच आणायचं."

तेव्हापासून कासिमिरो रोज तीनशे चाळीस पायऱ्या चढतात. इतकं सुरळीत पाणी उरिनपातालाही मिळत नाही.

आता तुम्ही हसताय. हसा. तुमच्याकडे जंतांचं प्रमाण अगदीच कमी आहे म्हणे, सरकारी कागदावर तसं छापलंय. फार आनंद आहे. फक्त काडेपेटी कुणाची होती, तेवढं एकदा विचारून घ्या. आणि बोट जिभेला लावून हे पान उलटणार होतात, ते आधी धुवा.