बिशपसाहेबांना हळू उतरवा

पाळकसाहेबांच्या उजव्या कानात शिट्टी वाजत होती आणि ती दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नव्हती, हे कळायला एक अंत्यविधी खर्ची पडला. ऐन प्रार्थनेत त्यांनी डोळे उघडले आणि दरडावून विचारलं, "कोण शिट्टी वाजवतंय? जरा लाज बाळगा!" मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मयताच्या जावयाने उगाचच स्वतःचे खिसे चाचपले. शिट्टी काही थांबली नाही, आणि चर्चच्या खजिनदारांना ही गोष्ट पोटात ठेवणं काही जमलं नाही.

खजिनदारांच्या पोटात तशी कुठलीच गोष्ट टिकत नसे. ती थेट बिशपसाहेबांपर्यंत गेली आणि त्यांचा फोन आला. "या रविवारी येतो म्हणतो. उपासना तुम्हीच चालवा, मी आपला बाजूला बसेन. आणि मग जरा तुमच्या विश्रांतीचं बोलू."

विश्रांती हा शब्द बिशपसाहेब फार प्रेमाने वापरत. याआधी ज्या दोन पाळकांशी ते विश्रांतीचं बोलले होते, ते दोघेही आता घरी बसून कुंड्यांना पाणी घालत होते. आमच्या पाळकसाहेबांना कुंड्यांचा तिटकारा. त्यांना हेच चर्च हवं होतं, हीच कुरकुरणारी बाकं आणि त्यांवर बसून त्याहून जास्त कुरकुरणारी हीच मंडळी हवी होती. ज्यांची लग्नं लावली त्यांच्या पोरांचीही आपणच लावायची, एवढी एकच हाव त्या माणसाला होती, आणि आता तीही जायची वेळ आली होती.

कानाच्या डॉक्टरांनी आधीच दिवा घालून पाहिलं होतं. "कान उत्तम आहे," ते म्हणाले.

"मग वाजतंय काय?"

"वाजेल. बहुतेक वाजतच राहील. तिच्याशी भांडायला जाऊ नका. ताण आला की ती वाढणार, आणि शांत जागी तर जास्तच जाणवणार. अंग सैल सोडायला शिका. हे एक रेकॉर्डिंग आहे, डोळे मिटून ऐका."

रेकॉर्डिंगमधला माणूस मधाळ आवाजात पाळकसाहेबांना समुद्रकिनाऱ्यावर नेई. पण तो बोलायला लागला की हा आता आपल्याला काहीतरी विकणार, या संशयाने त्यांचं अंग आणखीच ताठ होई.

बिशपसाहेबांचा फोन आला त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते, आणि ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून मधाळ माणूस लाटा मोजत होता. पाळकीणबाईंनी चिरत असलेला कांदा बाजूला सारला. या बाई शाळेत कवायत शिकवत. आज चर्चमध्ये बसणारी निम्मीअधिक मंडळी त्यांच्याच हुकमावर हात वरखाली करत मोठी झाली होती.

"अहो, बसा बघू. फरशी झिजेल. आणि बंद करा तो मेला मधाचा बुधला! द्या इकडे फोन, मीच बोलते."

"तू? तुझ्या आवाजाने कुणी सैल पडलंय का आजवर?"

"इतकी वर्षं संसार केलात, माझ्यापुढे ताठ उभे राहिलात का कधी?"

पाळकसाहेब खुर्चीत बसले. बाईंनी रेकॉर्डिंग चालू करून फोन तोंडासमोर धरला आणि मनात आलं ते सगळं बोलून टाकलं. काय बोलल्या ते पुढे येईलच, साऱ्यांनीच ऐकलं आहे. तूर्त एवढंच, की ते ऐकता ऐकता पाळकसाहेब खुर्चीतच चष्म्यासकट गाढ झोपले, आणि मग रोजच त्याच आवाजावर झोपू लागले.

रविवार उजाडला आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचा निरोप आला, की मनगट मुरगळलं. पाळकसाहेबांच्या कानातली शिट्टी तेवढ्यानेच एक पट्टी वर गेली. पण बटनदादा धावून आले. बटनदादा म्हणजे निवृत्त वायरमन. चर्चचा माईक, पंखे आणि दिवे त्यांच्या ताब्यात असत आणि दुसऱ्या कुणी त्यांना हात लावलेला बटनदादांना खपत नसे.

"साहेब, तुमच्या फोनात गीतांच्या चाली आहेत ना? मग झालं तर! तुमचा फोन वरच्या स्पीकरांना जोडून देतो. वायरबियर काही नाही. तुम्ही उभे राहता तिथे मेजावर ठेवायचा आणि बटन दाबायचं."

फोन जोडला. पहिलं गीत असं दणक्यात झालं की बिशपसाहेबांनी सुद्धा पायाने ताल धरला. आता, जोडलेली वस्तू सोडावीही लागते, हे बटनदादांच्या डोक्यात आलं नाही आणि पाळकसाहेबांच्या तर नाहीच नाही.

सगळं सुरळीत चाललं असताना बिशपसाहेब खुर्चीतून उठले. "आता आपण थोडा वेळ मौन प्रार्थना करू. अगदी शांत. पाळकसाहेब खूण करतील तेव्हाच डोळे उघडायचे."

झालं! मौन म्हणजे शिट्टीला मोकळं रान. चर्च चिडीचूप झालं आणि पाळकसाहेबांच्या कानात अशी किंचाळी उठली की त्यांनी मेजाची कड घट्ट धरली. आता आपल्या तोंडून पुन्हा "कोण शिट्टी वाजवतंय" निघणार, याची त्यांना खात्री पटली. पण अशा प्रसंगासाठी त्यांनी तजवीज केली होती. एक इवलासा इयरफोन त्यांनी आधीच केसांआड उजव्या कानात सरकवला होता. 'प्रभो, एवढी वेळ निभावून ने,' असं मनात म्हणत त्यांनी मेजावरच्या फोनमधलं बायकोचं रेकॉर्डिंग लावलं आणि डोळे मिटले.

"डोळे मिटा!"

आज आवाज किती स्वच्छ येतोय, असं त्यांना वाटलं. मंडळींनाही काही वावगं वाटलं नाही. चर्चमध्ये कुणी डोळे मिटा म्हटलं तर माणूस मिटतोच, आणि या आवाजाने म्हटल्यावर तर काय बिशाद! ज्यांचे किलकिले होते त्यांनीही घट्ट मिटले.

"पायाची बोटं... सैल! पोटऱ्या... सैल! पोट आत ओढू नका, इथे कुणी बघत नाहीये."

चर्चमधली सगळी बाकं एकदम कुरकुरली.

"खांदे खाली! आणखी खाली! कानाला लावून ठेवलेत ते कशाला? हं, शाब्बास. आता मान. मानेवर कोण बसलंय? बिशपसाहेब! फोन आल्यापासून तिथेच बसलेत. त्यांना उतरवा. हळू उतरवा, वयस्कर आहेत."

ही पाळकसाहेबांची सगळ्यात आवडती जागा. ते गालातल्या गालात हसले आणि त्या आनंदात त्यांनी डोळे उघडले. बघतात तो काय, सगळी मंडळी माना टाकून, हात लोंबते सोडून बसलेली. पहिल्या बाकावर फक्त पाळकीणबाई ताठ, तोंडावर रुमाल दाबून धरलेला आणि वर दिसणारे डोळे बशीएवढे. त्या डोळ्यांनीच बाई छताकडच्या स्पीकरकडे बोट दाखवावं तसं पाहत होत्या.

पाळकसाहेबांनी फोनवर झडप घातली. घामेजल्या हातातून फोन निसटला, उतरत्या मेजावरून घसरला आणि पायाखालच्या लाकडी चौथऱ्याच्या दोन फळ्यांमधल्या फटीत गडप झाला. ही फट बुजवायला खजिनदार वर्षानुवर्षं 'बघू' म्हणत होते. पाळकसाहेब झग्यासकट गुडघ्यांवर बसले आणि फटीत दोन बोटं घालून चाचपडू लागले. फटीतून काही हाती लागेना, आणि वरून आवाज येतच होता.

"उतरले का बिशपसाहेब? आता घ्या श्वास, आणि त्यांना बाहेर सोडा. घाबरायचं काय त्यांना? तेही माणूसच आहेत. त्यांनाही कशाची तरी भीती वाटतच असेल. आता खजिनदार. ते जरा घट्ट बसलेत, दोनदा सोडा श्वास."

अख्ख्या चर्चने दोनदा श्वास सोडला. त्यात सगळ्यात लांब श्वास खुद्द खजिनदारांचा होता.

मग आवाज उतरला. कवायतीचा राहिला नाही, घरचा झाला. "आता उरली ती शिट्टी. वाजू दे. तुम्हाला ऐकू येते म्हणून देवाला तुमचं ऐकू येत नाही की काय? त्या शिट्टीतूनही तो ऐकतोच. आणि मी आहे ना इथे. झोपा आता. चष्मा काढा आधी."

स्पीकर गप्प झाले. पाळकसाहेब फटीपाशीच गुडघ्यांवर राहिले. सगळं संपलं होतं. कुंड्या, झारी आणि दुपारचा चहा त्यांच्या डोळ्यांसमोर तरळू लागला. त्यांनी खरोखरची, कळवळून प्रार्थना केली. गंमत अशी की तेवढा वेळ शिट्टीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

उपासना कशी आटोपली ते त्यांना नंतरही आठवेना. पाळकांच्या खोलीत बिशपसाहेबांनी दार लावून घेतलं. पाळकसाहेब भिंतीला लागून उभे राहिले, पाळकीणबाई त्यांच्या पुढे.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "बोलले मी. यांना काही बोलायचं नाही."

बिशपसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग पाळकसाहेबांच्या अगदी जवळ येऊन हळूच विचारलं, "तुमची बारीक वाजते का जाडसर?"

"काय?"

"शिट्टी हो! माझी डाव्या कानात आहे. फार जुनी. बिशपचे कान वाजतात म्हटल्यावर लोक काय म्हणतील? म्हणून ब्र काढला नाही कुठे. आज त्या बाकड्यासारख्या खुर्चीत मी झोपलो, पाळकसाहेब. झोपलो!"

"आणि... माझ्या विश्रांतीचं?"

"ती मला द्या. त्या फोनमधली. तुम्ही कुठे जाताय? तुम्ही इथेच राहा." ते बाईंकडे वळले आणि जरा अवघडले. "फक्त एक विनंती होती. माझ्यासाठी करताना त्यातले ते बिशप तेवढे काढता आले तर..."

"काढायचे कशाला?" पाळकीणबाई म्हणाल्या. "तुमच्याही मानेवर तेच तर बसलेत."

 बिशपसाहेबांचे खांदे हळूहळू खाली आले, आणि मग ते असे हसायला लागले की पाळकसाहेबांना त्यांना पाणी द्यावं लागलं.

तेवढ्यात दार ढकलून बटनदादा आत डोकावले. एका हातात धुळीने माखलेला फोन, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा. "दोन फळ्या उचकटून काढला बघा! चर्चला कुलूप घालू का? पण खजिनदार अजून बाकावर आडवे आहेत. हलवून उठवू का?"

"उठवा," बिशपसाहेब डोळे पुसत म्हणाले, "पण हळू. वयस्कर आहेत."