आईचं जर-तर आणि दादाची पँट

इंग्रजीतलं जर-तर मी कोणालाही अर्ध्या तासात शिकवू शकते. दगडालासुद्धा! दादाला जरा जास्त वेळ लागला, कारण दगड मध्येमध्ये प्रश्न विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, नववीतच बाईंशी भांडून दप्तर उचलून घरी आलेली मुलगी काय इंग्रजी शिकवणार? अहो, मी भांडले होते गणिताच्या बाईंशी! इंग्रजीशी माझं काही वैर नाही.

तर दादाची उद्या सकाळी मुलाखत होती. हॉटेलचं रिसेप्शन, सगळं इंग्रजीतून. मागच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "पाहुण्याची खोली तयार नसेल तर काय कराल?" आणि हा 'इफ' म्हणून जो अडकला, तो 'सॉरी' म्हणून घरी आला. ही नोकरी गेली की थेट मामाचं टायरचं गोदाम. आणि टायरच्या वासाने दादाला अशा शिंका येतात की शेजारी खिडक्या लावून घेतात!

"पुस्तक मिट," मी म्हटलं. "चार डबे आहेत. पहिला, होणारच. मशीनच्या सुईखाली बोट घातलं तर रक्त येतं. दुसरा, होऊ शकतं. अभ्यास केलास तर नोकरी लागेल. तिसरा, नुसती हवा. मी राणी असते तर तुला शिपाई ठेवला असता."

"आणि चौथा?"

"वेळ गेल्यावर रडायचं. असं केलं असतं तर तसं झालं असतं. तो सोपा आहे, तुला आपोआप येईल."

"पण दुसरा कुठला नि तिसरा कुठला, कसं ओळखायचं?"

"बोलणाऱ्याकडे बघायचं! खरंच करणार असेल तर दुसरा, हवा असेल तर तिसरा. आपली आई घे."

आई पुढच्या खोलीत कपडे शिवते आणि मशीनच्या तालावर दिवसभर धमक्या देते. दार आपटलंस तर दारच काढून ठेवीन. संध्याकाळपर्यंत ती कपड्यांच्या ढिगाखालची खुर्ची रिकामी झाली नाही तर तिच्यावरच्या सगळ्याच्या पिशव्या शिवीन. आणि खास माझ्यासाठी, दादाला नोकरी लागली तर हाताखाली बाई ठेवीन आणि तुला परत वर्गात नेऊन बसवीन!

"दार अजून जागेवर आहे," मी ओरडून सांगितलं. ओरडून, कारण दादाला हळू सांगितलेलं कळत नाही. "म्हणजे आईचं सगळं तिसऱ्या डब्यात! कुकरची शिट्टी आहे ती. आवाज मोठा, भाजत कोणालाच नाही!"

पलीकडे मशीन थांबलं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, तसं हेही सुटलं नाही. मला वाटलं, दोरा तुटला असेल.

दादा उठला. "खुर्चीवर माझी उद्याची पँट आहे. काढून ठेवतो."

"हात लावायचा नाही! ती संध्याकाळी जशीच्या तशी दिसली ना, की तिसरा प्रकार जन्मभर विसरणार नाहीस."

मग मी त्याला बाहेर फिरायला नेलं आणि वाटभर वाक्यं घोटून घेतली. परत आलो, तर खुर्ची रिकामी! ती लाकडी होती, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी तिला कापडाची समजत होते.

आईच्या टेबलावर काळ्या पिशव्या रांगेत मांडलेल्या.

"आई, या पिशवीला मागचा खिसा कसा?" मी विचारलं.

"मोबाइल ठेवायला. छान सुचलं ना?"

दादा मटकन खुर्चीत बसला. निदान जागा तरी होती. "आई, ती माझी मुलाखतीची पँट!"

आईचा चेहराच उतरला. "अरे देवा! त्या ढिगात? मी सगळं काळं एकदम कापलं रे!" मग माझ्याकडे वळली. "मी बोलले होते की नव्हते?"

"तू नेहमीच बोलतेस!"

"आणि तू नेहमीच ओरडतेस. मधली भिंत केवढीशी आहे!"

दादाची उंची अशी की तयार पँट त्याच्या पोटरीवरच संपते. म्हणून ती आईनेच शिवली होती, आणि तसलं कापड आता उरलं नव्हतं. म्हणजे पिशव्यांचीच परत पँट करायची! तुकडे जुळवायला बसलो, तर डावा पाय गायब.

"तो वरच्या नर्सबाई घेऊन गेल्या," आई खालच्या आवाजात म्हणाली.

जिने चढत आम्ही वर पळालो. नर्सबाईंनी हसत दार उघडलं. हातात दादाचा डावा पाय, आणि पायात बटाटे!

"बाई, आम्हाला हा पाय परत हवाय," दादा म्हणाला.

"अरे, एवढी वर्षं दवाखान्यात काढली, पण पाय परत मागायला कोणी आलं नव्हतं!"

आईने उसवलं, मी टाके घातले. गुडघ्यावर जोड आला. एका पिशवीचं हँडल मात्र इतकं पक्कं बसलं होतं की ओढलं तर कापड फाटत होतं. "राहू दे," आई म्हणाली, "मागे कमरेवर येतंय. शर्टाखाली झाकेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा परतला. मी दारातच पकडलं. "काय झालं?"

"मुलाखत झाली, उठलो. तर हँडल खुर्चीला अडकलेलं. खुर्ची माझ्याबरोबर उठली!"

"मेलो आपण!"

"साहेब म्हणाले, हे काय? आणि माझं तोंडच सुटलं! इंग्रजीत! म्हटलं, मी बहिणीचं ऐकलं नसतं तर माझ्या पँटला हँडल लागलं नसतं."

"चौथा डबा! एकही चूक नाही!"

"मग त्यांनी सगळंच विचारलं. पँट वाचली असती तर, नर्सबाई बाहेर गेल्या असत्या तर, बटाटे ओले असते तर... मी थांबतोय कुठे! साहेब हसून हसून टेबलावर आडवे."

"लागली?"

"सोमवारपासून!"

मी घरभर नाचले. दारसुद्धा आपटलं, आनंदाने! "बघितलंस आई? कोणी शिकवलं त्याला?"

आईने सुईत दोरा ओवत मान हलवली. "तूच गं बाई. आणि सोमवारपासून तूपण."

"मी पण काय?"

"वर्गात. बोलले होते ना?"

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. हवा कुठेच नव्हती. दुसरा डबा, चक्क!

"आई, मला माहीत असतं तर मी त्याला..."

"वा!" दादा म्हणाला. "चौथा. आपोआप आला की नाही?"

तर मंडळी, इंग्रजीतलं जर-तर मी अजूनही कोणालाही अर्ध्या तासात शिकवते. फक्त यायचं ते मधल्या सुट्टीत.