म्हशीला टेन्शन आलंय

"बाई, काल तुमच्या घरात वाजलं न्हवं?"

सकाळचे साडेसहा. निरवांगीच्या दूध डेअरीवर माझ्यामागं पंधरा माणसं किटल्या घेऊन उभी. मी गावातल्या शाळेची बाई, रांगेतले निम्मे माझ्या हाताखालून शिकून गेलेले. आणि डेअरीवाले तात्या माझं दूध मापात ओतता ओतता हे असं मोठ्यांदा विचारतात!

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी फणकारले.

"कोन कशाला सांगतंय? रोज चार लिटर घालता, आज तीन बी भरंना. म्हशीनं पान्हा चोरलाय. मुकं जनावर हाय, खोटं कशाला बोलंल?"

मागं सगळे फिदीफिदी हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता भांडण झालं होतं, हे खरंय. आमचे हे बारामतीला एमआयडीसीत, रोज मोटारसायकलवरून जाऊन-येऊन. मला न विचारता त्यांनी कंपनीतल्या सहा जणांना रविवारी मटण खायला बोलावलं, आणि वर म्हणतात, "तुला काय, दोन भाकरी जास्त थापायच्या." मी बोलले. चांगला अर्धा तास बोलले. गोठा स्वयंपाकघराला लागूनच, त्यामुळं म्हशीनं सगळं ऐकलं असणार. पण म्हणून ते डेअरीवर चव्हाट्यावर यावं?

तात्या गावाचं दूध मोजायचे आणि गावाची अब्रू काढायचे. दूध कमी आलं की कुणाच्याही तोंडावर, "घरात कोन रडलं?" फॅट घसरली की, "सासूबाई आल्यात वाटतं." कपाळाला कायम आठी. वीस वर्षांत हा माणूस हसलेला मी पाहिला नाही. त्यांच्या मते जगातला सगळा ताण माणूस तयार करतो आणि तो भोगतं बिचारं जनावर. ह्या 'टेन्शन' शब्दाची त्या दिवसांत फारच चलती होती. पोरांना परीक्षेचं टेन्शन, साहेबांना कामाचं टेन्शन. तात्यांनी तो शब्द उचलला आणि सरळ गोठ्यात नेऊन बांधला.

बरं, औषधही तेच द्यायचे. कुणी म्हणालं, "तात्या, पेंड वाढवू का?" की उसळायचे. "पेंड नगं. आदी आईची माफी माग. चार दिस बायकूशी नीट बोल. मानूस बिघडलंय तुझ्या घरातलं, म्हस न्हाय!"

मी एकदा त्यांना गाठून चांगलं सुनावलं. म्हटलं, "तात्या, मी डी.एड.ला मानसशास्त्र शिकलेय. राग, दुःख, चिंता, ह्या माणसाच्या भावना आहेत. पुस्तकात सगळं दिलंय."

"पुस्तक लिव्हनाऱ्यानं म्हशीला इचारलं व्हतं का?"

काय बोलायचं अशा माणसाशी!

सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे त्यांचं औषध लागू पडायचं. आमच्या ह्यांनी त्या रविवारचं जेवण रद्द केलं, दोन दिवस माझ्या पुढं-मागं केलं, आणि तिसऱ्या दिवशी पुरतं चार लिटर दूध! तात्यांनी माप वर धरून सगळ्या रांगेला दाखवलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पुढं पुढं गावानंच धसका घेतला. भांडायची जोडपी उसाच्या फडाकडं जाऊन भांडायला लागली. आमच्या शेजारची म्हातारी सुनेला म्हणायची, "आता गप बस. धार हूं दे, मग बगते तुला." लग्नाची वरात डेअरीजवळच्या गोठ्यावरून चालली तर तात्या बँडवाल्याच्या पुढ्यात आडवे. "नवरीला वाजवत न्या न्हायतर उचलून न्या, पर हितं आवाज नगं. दोन म्हशी ताज्या व्यायल्यात!" वऱ्हाड शंभर पावलं मुक्यानं गेलं. नवरदेवाचा बाप अजून त्यांचं नाव घेत नाही.

आणि घरी? स्वतःच्या बायकोशी कधी गोड बोलले असतील तर शपथ. हिराक्का सुप्याकडची, दुष्काळी भागातली, कामाला वाघीण. त्यांची एकुलती एक म्हैस तिनं रेडकू असल्यापासून वाढवलेली. धार तीच काढायची. तात्यांनी कधी कासेला हात लावला नाही. तिनं हाक मारली की हे "काय हाय?" म्हणून खेकसायचे. ती नुसती हसायची. मला तिचा राग यायचा आणि त्यांचा त्याहून जास्त.

दिवाळीनंतर हिराक्का तीन दिवसांच्या तापानं गेली. सगळं गाव रडलं, तात्या नाही. डोळ्याला टिपूस नाही. आम्ही बायका भेटायला गेलो तर हा माणूस गोठ्याकडं बोट दाखवून म्हणतो, "म्हशीला लई टेन्शन आलंय. खाईना, पिईना."

माझा तोल सुटला. "तात्या, बाई तुमची गेली! म्हशीचं काय सांगताय?"

"मला काय धाड भरलीया?" म्हणाले. आणि दहावं उरकून दुसऱ्याच दिवशी डेअरीवर हजर. परत तेच, घरात कोण रडलं आणि कोण ओरडलं. काळीज आहे का दगड, असं आम्ही बायका उघड बोललो. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तर पुढं कोरा चहा ठेवला. डेअरीवाल्याच्या घरी कोरा चहा! मी तो तसाच ठेवून आले.

चैत्रात त्यांचा मुलगा कैलास माझ्याकडं आला. माझाच विद्यार्थी, आता बारामतीला एमआयडीसीत लागलेला. म्हणाला, "बाई, तात्यांना माज्याकडं न्यायचंय. एकट्यानं म्हशीचं किती करायचं ह्या वयात? म्हशीला गिऱ्हाईक बगितलंय मी, पर ते आयकत न्हाईत. तुमी सांगा."

पोराचं काही चुकत नव्हतं. तात्यांना चार खडे बोल ऐकवायची संधीही आयतीच चालून आलेली. रविवारी सकाळी डेअरी उघडायच्या आत, तात्या घरी सापडतील म्हणून, मी निघाले. कैलास मोटारसायकल लावून कोपऱ्यावर थांबला. दार उघडंच होतं. मी सरळ मागं गोठ्यात गेले आणि जागीच थांबले.

तात्या म्हशीखाली उकिडवे बसले होते. अंगावर हिराक्काचं हिरवं लुगडं, धोतरावरूनच कसंबसं गुंडाळलेलं, डोक्यावर पदर. गुडघ्यांत चरवी. म्हैस एकाच बाईच्या हाताला सवकली की दुसऱ्याला पान्हा सोडत नाही. अशा वेळी घरातला गडी त्या बाईचं लुगडं नेसून बसतो, म्हणजे वासानं फसते. हे खेड्यात सगळ्यांना माहीत असतं. तरी मला हसू फुटलं. पदरातून त्या पांढऱ्या मिशा!

"आत येताना आवाज द्यायची पद्दत हाय का न्हाय?" तात्या गरजले. "म्हस बिचकली ना!"

ते धडपडत उठले. चरवी कलंडली आणि माझ्या पायापर्यंत घरंगळत आली. मी उचलली. आत थेंब नव्हता. कोरडी ठणठणीत.

"अजून धारेला बसायचेच होतात का?"

पदर डोक्यावरून खाली ओढत ते म्हणाले, "आटलीया ती."

"कधी?"

"संक्रांतीच्या आदीच. म्हातारी झालीया, आता गाभण बी ऱ्हात न्हाय."

मला त्यांचा अजून रागच होता, म्हणून मी ते विचारलं. नाहीतर विचारलं नसतं. "मग हे लुगडं कशाला?"

तात्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "रोज ह्या येळंला दाराकडं बगत ऱ्हाती. मी हे नेसून बसलो की तिला वाटतं, आली. बसलं की मला बी वाटतं, हाय म्हनून. घटकाभरच. मग उठतो."

आणि तो माणूस रडायला लागला. हुंदके देऊन, लुगड्याच्या पदरात तोंड खुपसून, पाच महिन्यांचं सगळं. म्हैस मान वळवून त्यांचा खांदा हुंगत राहिली. मी तिथंच शेणात उभी. काळीज दगडाचं म्हणणारी मीच होते. माझी मलाच एवढी लाज कधी वाटली नव्हती.

आटलेली म्हातारी म्हैस बाजारात कोण घेतं आणि कुठं नेतं, हे न कळण्याएवढी मी शहरातली नाही. मी चरवी खुंटीला अडकवली आणि बाहेर आले.

कैलास कोपऱ्यावर वाट बघत होता. "काय म्हनले तात्या? व्हय म्हनले का?"

"म्हैस विकायची नाही," मी त्याच्यावर ओरडलेच. "परत तो विषय काढलास तर माझ्याशी गाठ आहे. भेटायला येत जा. दर आठवड्याला ये."

"पर बाई, एवढा जीव काढायचा, तर दूध तरी देती का ती आता?"

आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या मी. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं,

"देते की. दोन्ही वेळेला देते."