कॅप्टनसाहेबांचं खरं वजन

“कॅप्टनसाहेब, तुमचं वजन किती?”

वैमानिक व्हायचं असेल तर उमेदवाराला परीक्षकाला हा प्रश्न विचारावाच लागतो. माणसं, सामान, इंधन, सगळ्यांची बेरीज विमानाला झेपते की नाही, हे उड्डाणाआधी उमेदवारानंच ठरवायचं असतं. दालीला मेल्गारनं बाकीचं सगळं पार पाडलं होतं. डोळे तपासून झाले, कान तपासून झाले, हवामानाची आणि नकाशांची लेखी परीक्षा झाली. एकटीनं विमान वर नेऊन सुखरूप खालीही आणलं, आणि त्या दिवशी इथल्या बेनी प्रांताच्या रिवाजाप्रमाणे दोस्तांनी तिला अंडी, पीठ आणि इंजिनाच्या काळ्याकुट्ट तेलानं आंघोळ घातली. आता उरली होती शेवटची उड्डाण-परीक्षा. ती झाली की लायसन्स! सकाळपासून पोरीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

घाईचं कारणही तसंच होतं. पाऊस तोंडावर आला होता. एकदा का तो सुरू झाला की इथली गवताची धावपट्टी महिनोन् महिने पाण्याखाली जाते, मग राजधानीतून परीक्षक कशाला येतोय मरायला! आज जमलं तर जमलं, नाहीतर पाणी ओसरेपर्यंत बस बोंबलत.

पण तो प्रश्न विचारायला दालीलाला जरा उशीर झाला. कारण तिची आई, दोन्या ऑर्फा. ‘दोन्या’ म्हणजे इकडे बाईसाहेब. तिची खानावळ धावपट्टीला लागूनच. परीक्षक येणार म्हणून बाई अंधारातच उठली होती. परीक्षक कॅप्टन एग्बेर्तो विमानातून उतरल्या उतरल्या तिनं त्यांना धरून बसवलं आणि केळी-मांस कुटून केलेला मसाको पुढे ठेवला. त्यावर कुन्यापे, म्हणजे चीजचे गरमागरम पाव. त्यावर माहादितो, म्हणजे सुक्या मांसाचा भात, वर दोन तळलेली अंडी.

“आई, पुरे!” दालीला दात-ओठ खात पुटपुटली. “ते परीक्षा घ्यायला आलेत, जेवायला नाही.”

“गप गं! उपाशी माणूस चुका काढतो. पोटभर जेवलेला पास करतो.”

कॅप्टन जेवत होते आणि दालीलाच्या डोक्यात बेरीज चालली होती. विमान दोनच माणसांचं, लहानसं. आणि कॅप्टन मात्र… काय सांगावं! खुर्ची नुसती कुरकुरत नव्हती, गाऱ्हाणं सांगत होती. त्यात आईनं भेट म्हणून चीजचा अख्खा गोळा आणि केळ्यांचा घड विमानात मागे नेऊन ठेवला. शेवटी दालीलानं जीव मुठीत धरून विचारलं.

कॅप्टननी पोट आत ओढलं. “ब्याऐंशी.”

“एका पायाचं का?” दोन्या ऑर्फा मोरीकडे तोंड करून म्हणाली.

दालीलाची पेन्सिल थांबली. “कपड्यांसकट का, साहेब?”

“कपड्यांसकट. बुटांसकट.”

“आणि… जेवणासकट?”

“पोरी, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी विमान उडवतोय.”

“तेव्हा असाल ब्याऐंशी, साहेब.”

झालं! बोलून गेली आणि मग तिनंच जीभ चावली. आईनं तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

“अगं सटवे, लिही ना ब्याऐंशी! त्यांच्या तोंडून आलंय, तुझं काय जातंय?”

“अगं पण विमानाला कोण सांगणार ब्याऐंशी म्हणून? ते कुणाच्या सांगण्यावर उडत नाही!”

“देवाचं नाव घे, उडेल!”

दालीला बाहेर आली. वर्षानुवर्षं जे स्वप्न पाहिलं, ते आपल्याच हातानं मोडायला निघालोय, हे तिला स्वच्छ कळत होतं. तरी ती म्हणाली, “साहेब, ऊन तापलंय, गरम हवेत विमान लवकर उचलत नाही. पट्टी आखूड आहे, टोकाला झाडं आहेत. तुमचं खरं वजन कळल्याशिवाय मी इंजिन चालू करणार नाही. नापास करायचं तर करा.”

“मेले गं बाई!” आईनं कपाळावर हात मारून घेतला.

कॅप्टनचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. “वजन करायचंय? कर. कुठाय तुझा काटा?”

काटा होता. धावपट्टीच्या कडेला, मांसाच्या शेडमध्ये. इथून डोंगरावरच्या शहरांना गोमांस विमानानं जातं, ते सगळं त्याच काट्यावरून. फाब्रिसिओ तो काटा सांभाळायचा. कॅप्टन टोपी सावरत तिकडे निघाले तशी हमाल मंडळी हातातली कामं टाकून गोळा झाली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

“चढा, साहेब. लाजू नका. इथं आजवर कुणी लाजलेलं नाही,” फाब्रिसिओ म्हणाला.

कॅप्टन चढले. काटा हलला, डुलला, स्थिरावला.

“एकशे अठराऽऽ!”

“ओरडतोस काय, गाढवा!”

“सवय आहे, साहेब. विमानापर्यंत ऐकू जावं लागतं.”

हमाल हसून हसून लोळायचे बाकी राहिले. कॅप्टन खाली उतरले, रुमालानं मान पुसली आणि दालीलाकडे वळले. “हं. आता तू.”

“मी?” दालीलानं नाक वर केलं. “माझं लिहिलंय मी. चोपन्न.”

“चढ.”

ती ताठ मानेनं चढली.

“त्रेसष्टऽऽ!”

“काटा बिघडलाय!” दालीला किंचाळली.

“असं? माझ्या वेळी बरा होता?” कॅप्टननी विचारलं.

दालीलाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आईचा मात्र ऊर भरून आला. “माझ्या हातचं खाल्लंय तिनं,” ती हमालांना अभिमानानं सांगू लागली.

खऱ्या आकड्यांची बेरीज मांडली आणि विमान चांगलंच जड निघालं. आता कॅप्टन हात झटकून निघून जाणार, दालीलाला वाटलं. तिनं ओठ आवळून रडू दाबलं. कॅप्टननी आभाळाकडे पाहिलं, मग शर्ट खाली ओढत म्हणाले, “उद्या पहाटे. हवा गार असेल. इंधन बेताचं, सामान काही नाही. आणि दोन्या, नाश्ता नाही!”

नाश्ता नाही म्हटल्यावर दोन्या ऑर्फाचा असा अपमान झाला की ती संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही. गावाला मात्र बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं. दिवेलागणीला कॅप्टनच्या फोनवर राजधानीतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “एकशे अठरा?” तो फोन कानाला न लावताही सगळ्या खानावळीला ऐकू आला.

पहाटे विमान पट्टीवरून धावलं आणि झाडांच्या कितीतरी आधी अलगद उचललं गेलं! खाली मामोरे नदीची वळणं सोन्यासारखी चमकत होती. “इंजिन बंद पडलं समज,” म्हणत कॅप्टननी इंजिनाचा जोर कमी करायचा दट्ट्या एकदम मागे ओढला. दालीलानं क्षणात मोकळं कुरण हेरलं आणि विमान तिकडे वळवलं. तिथल्या गाई चहूकडे उधळल्या, तसं तिनं पुन्हा जोर देऊन ते वर काढलं. मग वळसे, मग उतरणं. चाकं जमिनीला टेकलेली कळलीसुद्धा नाहीत.

“पास?” तिनं विचारलं.

“पास. जा, आईला सांग, मला भूक लागलीय.”

ती कॅप्टनच्या गळ्यातच पडली. एवढ्या मोठ्या गळ्यात पडायला जागा भरपूर होती.

लायसन्स आलं तेव्हा पट्टी अजून कोरडी होती. पहिली प्रवासी कोण, हे काय विचारायचं? दालीला पेन्सिल घेऊन आईसमोर उभी राहिली खरी, पण विचारायचं कसं? या बाईनं आयुष्यात डॉक्टरलासुद्धा आपलं वजन सांगितलं नव्हतं.

“आई, मी आपला अंदाजानं…”

पण आई कुठे होती? ती ठेवणीतला फुलाफुलांचा झगा घालून, ओठ रंगवून, तरातरा शेडकडे निघालीसुद्धा होती.

“चपला काढा, दोन्या,” फाब्रिसिओ म्हणाला.

“का म्हणून? चपला काय घरी ठेवून उडणारेय? ही पर्सपण धरलीय. आणि ओरड, चांगला मोठ्यांदा ओरड! लेक उडवतेय मला. माझा एक किलोसुद्धा खाली राहता कामा नये!”

“शहाण्णवऽऽ!”

हमालांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दालीलाला समोरचा कागद धूसर दिसायला लागला. तिनं बाहीनं डोळे पुसले, आकडा लिहिला, बेरीज केली. बरोबर बसत होती.

“झालं लिहून? मग चल लवकर,” आई काट्यावरून उतरत म्हणाली. “आणि हे बघ, त्या एदुविनाच्या अंगणावरनं ने. ‘पोरगी कसली विमान उडवते,’ म्हणाली होती मला. खालनं ने, अगदी खालनं. तिला माझं तोंड दिसलं पाहिजे.”

“आई, नियम असतात. घरांवरून इतकं खाली नेता येत नाही.”

दोन्या ऑर्फानं पर्स काखेत मारली.

“बरं, मग ने वरनं. मी ओरडेन.”