चाल तेवढी आपली

शिरगावात आमच्या शेजारी राहणारे विलासकाका रस्त्याने कधीही स्वतःसारखे चालत नाहीत. पुढे जो असेल त्याच्यासारखे चालतात. एकदा सोसायटीच्या चेअरमनमागून ते पोट पुढे काढून थेट भाजीवाल्यापर्यंत गेले. चेअरमननी वळून पाहिलं तर काका शांतपणे म्हणाले, "कंबर डावीकडं टाकता तुम्ही. बदलू नका, भारी आहे." ही स्तुती होती की अपमान, हे चेअरमनना अजून कळलेलं नाही.

काकांचा तो धंदाच आहे. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर कार्टून बनवणारा एक छोटा स्टुडिओ आहे. तिथे काका अंगाला घट्ट बसणारा काळा सूट घालतात. सूटवर सांध्यासांध्याला चमकणारे छोटे गोळे लावलेले असतात. चहूबाजूंच्या कॅमेऱ्यांना फक्त ते गोळे दिसतात, काका नाहीत. त्या ठिपक्यांवरून कॉम्प्युटर सांगाडा जुळवतो, मग त्यावर अस्वल चढवा नाहीतर राक्षस. "चेहरा त्यांचा, अंग त्यांचं. चाल तेवढी आपली," काका सांगतात.

मी त्यांचं अस्वल पाहिलंय. स्टुडिओचे सिंधी सेठ म्हणाले, "विलासभाई, भालू को थोडा भारी करो." काकांनी नुसते खांदे पाडले आणि पडद्यावरचं अस्वल दुप्पट वजनाचं झालं. एवढ्याशा किरकोळ अंगाच्या माणसात हे येतं कुठून, देव जाणे.

अशा माणसाला घरातलीच एक चाल मिळेना. त्यांच्या आईची. आजींचे गुडघे पार गेलेले. एक पाय टाकायचा, हात हवेत तोलायचा, मग दुसरा पाय ओढून घ्यायचा. ऑपरेशन ठरलं तसे आम्ही सगळे खूश झालो. काका तेवढे उदास. "बरी होईल, मला आनंदच आहे," ते म्हणाले. "पण माझ्या डोळ्यांपुढं आई येते ती अशी डुलत येते. ती चाल आता जाणार."

आजींना त्यांनी सूट दाखवला. "ह्या वयात हे काळं टाईट घालू मी? लाज हाय का तुला?" साडीवर गोळे लावावेत तर ते निऱ्यांत लपतात. शेवटी काकाच त्यांच्या मागे चालू लागले, स्वयंपाकघर ते गॅलरी.

"मला दुखतंय, नि तू नक्कल करतोस?" आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर लेक घरात असला की त्या खुर्चीवरून उठायच्याच नाहीत. काकांनी खूप समजावलं, त्या ऐकेनात. मग काका आमच्याकडे येऊन बसायचे आणि भिंतीला कान लावून आईची पावलं ऐकायचे. ते पाहून मला फार वाईट वाटायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकांनी स्वतःच सूट घालून, आईसारखं चालून ती चाल रेकॉर्ड केली. पुढे आजी नव्या गुडघ्यांवर नीट चालू लागल्यावर ते त्यांना रिक्षाने स्टुडिओत घेऊन गेले. आधाराला मी होतो. आजींचा राग गेला नव्हता.

काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके उमटले. पाय टाकला, हात तोलला, दुसरा पाय ओढला. "इस पे कौनसी बॉडी लगाऊँ?" सेठनी विचारलं. "कुछ नहीं," काका म्हणाले.

आजी कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "ही माझी आय," त्या हळूच म्हणाल्या. "मिठागरावरून अशीच यायची."

काकांच्या जन्माआधीच ती बाई गेलेली. काका खाली बसले, आईच्या पायांशी. सेठनी पडदा बंद करायला हात पुढे केला, तो आजींनी धरला.

"थांबवू नको रे. घरापर्यंत येऊ दे तिला."