योलांडाचा खिळा

फौजेतून निवृत्त झाल्यावर सार्जंट टेरेन्स बॉइकिनने साठवलेली सगळी पुंजी काढली आणि छावणीच्या फाटकाबाहेर, फेएटव्हिलमध्ये, हप्त्यांवर एक घर घेतलं. बायकोला, योलांडाला, वाटलं, चला, एकदाचं आपलं घर झालं. दर बदलीला भिंतीतली भोकं बुजवून घर परत करायचं, म्हणून बिचारीने वीस वर्षांत कुठे खिळा ठोकला नव्हता. पण कसलं काय! "हे भाड्याने द्यायचं," टेरेन्स म्हणाला. "तेही फक्त शिपायांना. शिस्तीची माणसं." स्वतः दोघं राहिली भाड्याच्या दोन खोल्यांत.

आता बदलीचा हुकूम आला की शिपायाला भाडेकरार मधेच मोडता येतो, कायदाच आहे तसा. हाच कायदा दाखवून टेरेन्सने नोकरीभर घरमालकांना रडवलं होतं. स्वतः मालक झाल्यावर गडी तो साफ विसरला.

पहिल्या भाडेकरूला चार महिन्यांत जर्मनीचा हुकूम आला. चांगला खडसावतो म्हणून टेरेन्स तावातावाने गेला. आत त्या पोराची बायको डोळे पुसत वर्तमानपत्रात बशा गुंडाळत होती. योलांडाही अशीच गुंडाळायची. टेरेन्सला भरून आलं. त्याने उरलेलं भाडं सोडलं, खोकी बांधली, वर ट्रकही भरून दिला.

दुसऱ्याला कोरिया, तिसऱ्याला अलास्का. दोन्ही वेळा तेच. सामान हलवायचे किती घेता, असं शेजारीण विचारून गेली. इकडे हप्ते, तिकडे खोल्यांचं भाडं, दोन्हीकडून खिसा फाटत चालला. योलांडाने भाडेकरू म्हणून एक दंतवैद्य सुचवला, तर फौजेबाहेरचे लोक अंगणातलं गवत कापत नाहीत म्हणून टेरेन्सने उडवून लावलं.

शेवटी एका सकाळी ती म्हणाली, "भाडेकरू मिळालाय. बदली न होणारा."

"फौजेतला?"

"होता. सार्जंट."

"आता काय करतो?"

"लोकांची खोकी उचलतो. फुकट."

टेरेन्सने कॉफीचा कप खाली ठेवला.

त्याच आठवड्यात दोघं त्या घरात आली. इतकी वर्षं खोक्यातूनच फिरलेला आईचा फोटो योलांडाने बाहेर काढला, भिंतीवर जागा बघितली आणि हातोडा उचलला.

"जपून," टेरेन्स सवयीने म्हणाला. "जाताना भोक बुजवावं लागेल."

योलांडा वळली. "कुठे जाताना?"

टेरेन्सने आणखी एक खिळा तिच्या हातात दिला.