चारपैकी तीन छतं उत्तम

छत ही गोष्ट मुळात दुसऱ्याची असते. माणूस तिच्याखाली जेवतो, भांडतो, घोरतो. पण वर चढून तिच्याकडे बघायची वेळ आली की ती सार्वजनिक होते. हे सत्य पुष्कळांना कळतं. आमच्या इमारतीने ते रीतसर अमलात आणलं. त्या कामकाजाचा मी चिटणीस. तळमजल्यावर राहतो आणि बैठकांचं इतिवृत्त लिहितो. (अक्षर बरं आहे. दुसरी पात्रता कोणी विचारली नाही.)

थंडी सरली की आमच्याकडे वसंतातली वादळं येतात. यंदा त्यांच्या महिनाभर आधी नगर कार्यालयाकडून एक छापील तक्ता आला. वादळापूर्वी छताची पाहणी करा आणि तक्ता भरून पाठवा. रकाने दोनच: ‘एकूण छते’ आणि ‘त्यांपैकी सुस्थितीतील छते’. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की साठ टक्के वा अधिक छते सुस्थितीत असल्यास जागा ‘वादळसज्ज’ समजण्यात येईल. (तक्ता बहुधा गोदामांसाठी छापला होता. उरले ते घरांना वाटले असावेत.)

दुसऱ्या कुठल्याही इमारतीने ‘एकूण छते: एक’ असं लिहिलं असतं आणि मग त्या एका छतापायी महिनाभर धावपळ केली असती. आमचे अध्यक्ष इतके साधे नाहीत. ते परीक्षा खात्यातून निवृत्त झालेत. नापास होऊ घातलेल्या गोष्टीला पास कसं करायचं, यात त्यांची हयात गेली. ते राहतात दुसऱ्या मजल्यावर. बैठकीत त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “छत म्हणजे काय?”

पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

“आपल्या डोक्यावर असतं ते छत,” अध्यक्ष म्हणाले. “माझ्या डोक्यावर शिवणकाकूंची फरशी आहे. ते माझं छत. डॉक्टरांच्या डोक्यावर माझी फरशी. चिटणीसांच्या डोक्यावर डॉक्टरांची. आणि काकूंच्या डोक्यावर पत्रे. किती झाली?”

“चार,” मी म्हणालो. आणि लिहिलंही.

पाहणीची पद्धत समितीने एकमताने ठरवली. घरमालकाने पलंगावर उताणं पडून पाच मिनिटं वर बघावं. मग झाडूच्या दांड्याने तीन ठिकाणी ठोकावं. वरून “काय ठोकताय हो” अशी ओरड आली तर छत मजबूत समजावं. माझ्या छताला डॉक्टरांनी तात्काळ ओरडून प्रमाणित केलं. अध्यक्षांनी डॉक्टरांचं छत प्रमाणित करताना दोन शिव्या जादा दिल्या, त्या मी ‘विशेष मजबूत’ अशा नोंदवल्या. अध्यक्षांच्या छताला वरून शिवणकाकूंची ओरड मिळाली.

राहिला तिसरा मजला. तिथे शिवणकाकू राहतात. अर्ध्या गावाचे पडदे आणि उशांचे अभ्रे त्यांच्या मशीनवरून गेलेत. त्यांच्या यजमानांना आम्ही शिवणकाका म्हणतो, जरी त्यांनी जन्मात सुईत दोरा ओवला नाही. ते बस चालवायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांची एक बाजू लुळी पडली, तेव्हापासून ते पलंगावर आहेत. त्यांना उठवून खाली न्यायचं तर चार धडधाकट माणसं लागतात.

मी वर गेलो आणि पत्र्याला दांडा ठोकला. वरून कोणी ओरडलं नाही. एक कावळा उडाला. मी शेरा लिहिला: ‘वरचे मालक अनुपस्थित.’

“अहो, त्या दांड्याने काय कळणार तुम्हाला?” काका पलंगावरून म्हणाले. “मला विचारा. चौथ्या ओळीतला तिसरा पत्रा दोन बोल्टांवर लटकलाय. शेजारच्या दोघांचे वॉशर गेलेत. वारा आला की तो हात हलवतो. मीही हलवतो, चांगला हात आहे त्याने.”

हा पत्रा काकांच्या बरोब्बर छातीवर येत होता. छताची चोवीस तास पाहणी करणारा आमच्या इमारतीतला हा एकमेव माणूस. पण ते समितीवर नसल्याने त्यांची पाहणी ग्राह्य धरता आली नाही.

“चिटणीस भाऊजी,” काकू मशीन थांबवून म्हणाल्या, “तुमचं छत झकास असणारच. डॉक्टरीणबाई रोज त्याच्यावरून फडकं फिरवतात. आमच्यावर कोण फिरवणार? ह्यांना उचलायला माणसं मिळत नाहीत, निदान पत्रा तरी घट्ट करा.”

मी ‘सूचना प्राप्त’ असं लिहिलं. खरं सांगायचं तर पत्र्याकडे बघून मला भीती वाटली होती. पण भीतीसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

चारपैकी तीन. पंचाहत्तर टक्के. अध्यक्षांनी तक्ता पाठवला आणि आठवड्याभरात प्रमाणपत्र आलं: इमारत वादळसज्ज. अध्यक्ष म्हणाले की त्यांच्या काळात पंचाहत्तरला विशेष प्रावीण्य मिळायचं. प्रमाणपत्राला चौकट केली, ती जिन्याच्या तोंडाशी टांगली, आणि खिळा ठोकताना वरून डॉक्टर पुन्हा एकदा ओरडले.

काकूंचं काही प्रमाणपत्राने समाधान होईना. त्यांनी परस्पर पत्रेवाल्या मिस्त्रीला बोलावलं. तो लोखंडी शिडीने वर गेला, सगळीकडून फिरला आणि खाली डोकावून म्हणाला, “बावीस बोल्ट. जेवायच्या आत उरकतो.”

एवढ्यात अध्यक्ष हातात वर्तमानपत्र घेऊन आले. “खाली उतरा आधी. वादळसज्ज इमारतीवर दुरुस्ती चालू असलेली कोणी पाहिली तर काय म्हणेल?”

“म्हणेल, पत्रा बसवतायत,” मिस्त्री म्हणाला.

“म्हणजे तो बसलेला नव्हता. म्हणजे प्रमाणपत्र खोटं. म्हणजे आपण सगळे खोटारडे.”

“साहेब, ते तुमचं तुम्ही बघा. मी नुसता बोल्ट मारतो.”

मिस्त्रीला अडाणी ठरवण्यात आलं आणि शिडीला कुलूप घालण्यात आलं. ठरावाला विरोध करणारं मत एक (काकू, सदस्य नसल्याने मोजलं नाही). मी सही केली. वळणदार.

वादळ मंगळवारी आलं, दुपारी चारच्या सुमारास. समितीचे आम्ही तिघे तेव्हा तळमजल्याच्या सभागृहात बसलो होतो. विषय होता, शेजारच्या इमारतीला आपली पद्धत शिकवावी की गुप्त ठेवावी. वर काहीतरी फाटल्याचा आवाज झाला, मग रस्त्यावर काहीतरी आपटलं. चौथ्या ओळीतला तिसरा पत्रा असावा. पाठोपाठ त्याचे शेजारी गेले.

काकू धावत खाली आल्या, केसांतून पाणी गळत होतं. “तिघं चला. चौथी मी. ह्यांच्या अंगावर पाऊस कोसळतोय.”

आता प्रसंग बाका होता. डॉक्टरांना पाठीचा त्रास आहे. अध्यक्षांचं वय झालं आहे. मी इतिवृत्त लिहीत होतो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि यात जो वेळ गेला तो मी मोजला नाही. काकूंनी मोजला असावा. त्या वर गेल्या.

त्यांनी काकांना गादीसकट जमिनीवर ओढलं, कुणाच्या तरी नव्या पडद्यांनी गादीला बांधलं आणि चोपन्न पायऱ्या एकटीने उतरवलं. स्वतः खालच्या बाजूला उभ्या राहून, एकेक पायरी खांद्यावर घेत. प्रत्येक पायरीचा धप्प आवाज सभागृहात ऐकू येत होता. डॉक्टर म्हणाले, “जिना मजबूत आहे.” नोंद झाली.

चोपन्नाव्या धप्पनंतर काका आमच्या पायांशी येऊन पोचले. ओलेचिंब, दात वाजत होते. आमच्याकडे आळीपाळीने बघून म्हणाले, “बैठक चालू द्या. मी नुसता ऐकतो.”

दुसऱ्या दिवशी काकूंच्या भावाने टेम्पो आणला. काका, मशीन आणि भिजलेले पडदे घेऊन ते गेले. जाताना काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्यांनी चार शिव्या द्यायला हव्या होत्या. निदान काहीतरी लिहिता आलं असतं.

अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी नवा तक्ता भरला. तिसऱ्या मजल्यावरचं छत आता अस्तित्वातच नव्हतं, तेव्हा ते मोजण्याचा प्रश्न नव्हता. एकूण छते तीन, सुस्थितीत तीन. शंभर टक्के. वादळाने आपली स्थिती सुधारली, असं त्यांनी अहवालात म्हटलं. प्रमाणपत्र बदलून आलं.

मग पुढचं वादळ आलं. काकूंच्या उघड्या घरात घोटाभर पाणी साचलं आणि अध्यक्षांच्या पलंगावर ठिबकू लागलं. ते पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून खाली आले. त्यांनी तातडीची बैठक बोलावली आणि चाळीस मिनिटं बोलले. छत हा सगळ्यांचा प्रश्न आहे, असं ते म्हणाले. वर राहणारा माणूस आपल्यातलाच असतो, असंही म्हणाले. मी शब्दन् शब्द उतरवून घेतला.

मग डॉक्टरांनी मला हळूच विचारलं, “आपली दोन्ही छतं कोरडी आहेत ना?”

तीनपैकी दोन. सहासष्ट पूर्णांक सहासष्ट टक्के. साठच्या वर. इमारत वादळसज्ज असल्याने दुरुस्तीचा विषय निकाली काढण्यात आला. अध्यक्षांना नियम तोंडपाठ होते, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. ते सध्या पलंग सरकवत सरकवत स्वयंपाकघरापर्यंत पोचले आहेत. डॉक्टर रोज उताणे पडून वर बघतात. पाच मिनिटं नाही, बराच वेळ. मी डॉक्टरांकडे लक्ष ठेवून आहे.

शेजारच्या अकरा इमारतींनी आमची पद्धत मागवून घेतली आहे आणि नगर कार्यालयाने ती इतरांनाही पाठवायचं ठरवलं आहे. म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहिलं. मघाशी अध्यक्षांच्या पायजम्यापाशी तुम्ही हसलात, त्याला हरकत नाही, सगळेच हसतात. फक्त कितव्या मजल्यावर बसून हसलात तेवढं कळवा. तक्त्यात तुम्हाला सुस्थितीत धरायचं आहे.